दारामागची खुंटी

निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस विसरलो. दरोडे विसरलो, एखाददुसरा खूनही विसरलो असेन. पण लालबागच्या एका चाळीतल्या कुलपाची केस काही केल्या डोक्यातून जात नाही. तिच्यात ना रक्त होतं ना मुद्देमाल. तरी तिनं मला जेवढं थक्क केलं तेवढं नोकरीत दुसऱ्या कशानंही केलं नाही. माणसं हयात आहेत, म्हणून नावं देत नाही.

तेव्हा मी परळ भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. शिमगा नुकताच उरकला होता. सकाळी एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. वय चाळिशीचं, इस्त्रीचा शर्ट, राहायला विरारला. त्यांच्या लालबागच्या खोलीचं कुलूप तोडून काही माणसं आत घुसली होती आणि बाहेर निघायला तयार नव्हती.

"साहेब, हे बघा," त्यांनी भाडेपावती टेबलावर ठेवली. "आजोबांच्या नावावर होती, मग बाबांच्या, आता माझ्या. क्लिअर केस आहे. आजच्या आज बाहेर काढा त्यांना."

पावती खरी होती. पण 'आजच्या आज' म्हणणारा तक्रारदार दिसला की मी जरा सावध होतो. घाई ही नेहमी कशाची तरी असते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण शिकलेली माणसंही तिच्यात गल्लत करतात. एकाच खोलीवर तीन जणांचे तीन वेगळे हक्क असू शकतात. जमीन आणि इमारत घरमालकाची. भाडेकरूचा हक्क पावतीवाल्याचा. आणि प्रत्यक्ष राहणारा, म्हणजे ज्याचा कब्जा आहे तो, तिसराच. वर्षानुवर्षं शांतपणे राहणाऱ्याला खुद्द मालकसुद्धा कुलूप ठोकून बाहेर काढू शकत नाही, त्याला कोर्टाची पायरी चढावी लागते. यात खरा कोण ते दिवाणी कोर्ट ठरवतं, ठाण्यात बसून मी नाही. मी बघायचं ते एवढंच, की जबरदस्ती कोणी केली. ठाणे अंमलदाराला तक्रार नोंदवून घ्यायला सांगितलं आणि आमच्या बीट हवालदारांना चाळीत पाठवलं. हवालदार मूळचे मालवणकडचे, गिरणगावात जन्म गेलेला.

ते परत आले ते चाळीखालच्या खानावळवाल्या मावशींना घेऊनच. मावशी खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"साहेब, चोर बिर कोणी नाय हा. माझ्याकडे जेवणारी माणसं ती. शिमग्याला सगळी गावाला गेली, खोली रिकामी. ह्या विरारवाल्यानं येऊन नवीन कुलूप मारलं. आता चाळ पाडून नवीन बांधणार, बिल्डरची माणसं मोजणीला येणारेत ना, एका खोलीला एक नाव, एक फ्लॅट. ती परत आली तर त्यांच्या पेट्या आत नि ती बाहेर! मग काय करतील? तोडलं कुलूप."

खबर मिळाली तरी पंचनामा डोळ्यांनी करावा लागतो. मी चाळीत गेलो.

दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थांबलो. खोली आपल्या नेहमीच्या चाळीतल्या खोलीएवढीच. पण चारही भिंतींना, छातीच्या उंचीवर, ओळीनं लाकडी खुंट्या ठोकलेल्या. प्रत्येक खुंटीला एक पिशवी, एक सदरा, खाली गुंडाळलेली एक चटई. वर फळीवर एकावर एक पत्र्याच्या पेट्या. कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर. आत पाच-सात जण बसले होते, त्यात एक म्हातारे गिरणी कामगार. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांचे उपचार परळच्या इस्पितळात चालू होते. दर खेपेला गावाहून यायचं, इथे पाठ टेकायची, तपासून घ्यायचं. ही खोली गेली तर त्यांना मुंबईत पाठ टेकायला फूटपाथच होता.

"ही खोली कोणाची, आबा?"

"गावाची."

"गावाची म्हणजे? नाव सांगा."

"नाव खयचा सांगतलंय साहेबानू? गावचो जो चाकरमानी मुंबैक येतलो, तेची." मग त्यांनी एकेका खुंटीवर बोट ठेवलं. "ही माजी. आदी माज्या बापाशीची होती. ही दिवसपाळीवाल्याची, ती रातपाळीवाल्याची."

एका खुंटीला काहीच नव्हतं. मी विचारलं, ही कोणाची?

"तो गेलो गावाक. गिरण्यो बंद पडल्यो तेवा."

"इतकी वर्षं झाली. मग दुसऱ्या कोणाला दिली नाही?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी भलतं बोललो. "ती तेची आसा ना. तो नाय इलो तर तेचो झील येतलो."

मी घाटावरचा माणूस. आमच्याकडे बांध वीतभर सरकला तर सख्खे भाऊ कोर्टात जातात. आणि इथे ना दस्त, ना सही, ना शिक्का. एका गैरहजर माणसाची खुंटी, तो नाही तर त्याचा मुलगा येईल म्हणून, सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं मोकळी ठेवली होती. चटई टाकायलाही जागा कमी पडते अशा खोलीत! पंचांच्या सह्या घेतल्या आणि खाली उतरलो.

एक प्रश्न राहिला होता. पावती एकाच घराण्याच्या नावावर का? तो हवालदारांनी वाटेत सोडवला. पूर्वीच्या घरमालकाला पावतीवर एकच नाव हवं होतं. गावानं नाव दिलं ते गाऱ्हाणं घालणाऱ्या घराचं. देवापुढे नारळ ठेवून सगळ्या गावाच्या वतीनं जो बोलतो त्याचं घर. "देवाशी गावासाठी बोलणारा माणूस गावाला फसवील, हे कोणाच्या मनातच येणार नाही साहेब," हवालदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तक्रारदारांना जबाबासाठी बोलावलं. खोटं बोलणारा माणूस कागदाच्या प्रश्नांची तयारी करून येतो, घराच्या प्रश्नांची करत नाही, हा माझा अनुभव. म्हणून पावतीचा विषयच काढला नाही. चहा मागवला, गप्पा मारल्या. कॉलेजच्या वेळी ते त्याच खोलीत राहिले होते. नळाला पाणी कधी यायचं, पंखा कुठल्या बाजूला, झोपायचे कुठे, सगळं खुलून सांगत होते. मध्येच मी सहज विचारलं, "तुमची खुंटी कोणती?"

"दारामागची," ते पटकन म्हणाले. "आमची पहिल्यापासून दारामागचीच."

मी कप खाली ठेवला. "खोली तुमची, तर चारही भिंती तुमच्या. एक खुंटी कशी?"

त्यांचा चेहरा उतरला. तरी हट्ट सुटला नाही. "ते तसं बोलायची पद्धत आहे, साहेब. त्याला लीगल काही अर्थ नाही."

बाहेरच्या बाकावर आबा, त्यांची माणसं आणि खानावळवाल्या मावशी बसल्या होत्या. खोलीत दर वर्षी ग्रामदेवतेची पूजा होई. मावशी प्रसादाला दारात असत, आणि गेल्या वर्षीच्या पूजेचं चित्रण त्यांच्या मोबाइलवर होतं. मी मोबाइल मागवून टेबलावर ठेवला आणि सुरू केला. तक्रारदार पडद्यावर उभे होते. हातात नारळ, डोक्यावर टोपी, आवाज खणखणीत.

"बा देवा महाराजा! आज तुझ्या गावाच्या खोलयेत जो नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" पडद्यावरची माणसं म्हणाली. आणि माझ्या मागे उभे असलेले हवालदारही, गणवेशात, नकळत म्हणाले, "व्हय महाराजा!"

"जो कोण गावचो माणूस हय येतलो, तेका पाय पसरूक जागा गावांदे रे महाराजा!"

आता बाहेरच्या बाकावरूनही आवाज आला. "व्हय महाराजा!" ठाणे अंमलदारानं लिहिता लिहिता मान वर केली.

"ह्या खोलयेर जो कोण एकट्यान डोळो ठेवीत, तेची बुद्धी जाग्यार हाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

'बुद्धी ठिकाणावर आण' या मागण्याला तक्रारदारांचेही ओठ हलले. मी ते स्वतः पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि म्हणाले, "बंद करा साहेब. माझी चूक झाली. मुलांसाठी डोक्यात आलं, घर होईल म्हणून."

तक्रार त्यांनी मागे घेतली. मोजणीच्या वेळी खोली गावातर्फे आपल्या नावावर आहे असं स्वतः लिहून देण्याचं कबूल केलं, आणि पुढे तसं दिलंही. पण कायद्यानं बघितलं तर आता आबांची पाळी होती. त्यांच्या पेट्या अडकवल्या होत्या, त्यांना बाहेर ठेवलं होतं. मी आबांना आत बोलावून विचारलं, "तुमची यांच्याविरुद्ध तक्रार घ्यायची का? निदान खोलीतून यांचं नाव तरी काढा."

आबा विचारात पडले नाहीत. "तेका भायर कसो काढतलंव? तोय गावचोच. दारामागची खुंटी तेची आसा."

मालकी म्हणजे दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचा हक्क, असं मी तोवर समजत आलो होतो. इथे हक्क इतका पक्का होता, की तो कोणी एकटा घेऊ शकत नव्हता आणि चुकलेल्या माणसाकडून कोणी काढूनही घेऊ शकत नव्हतं. एवढा भक्कम हक्क मी कुठल्याच दस्तात पाहिलेला नाही.

पुढच्या पूजेला त्यांनी मला बोलावलं. चाळ रिकामी होण्याआधीची ती शेवटची पूजा. गाऱ्हाण्याची वेळ झाली तेव्हा आबांनी नारळ उचलून त्याच गृहस्थाच्या हातात दिला. मान त्यांच्या घरचा होता, तो बदलला नव्हता. ते उभे राहिले. "बा देवा महाराजा," एवढं म्हणाले आणि हातातल्या नारळाकडे बघत राहिले. कोणी घाई केली नाही.

मग त्यांनी काही मागण्याआधीच आबा म्हणाले, "व्हय महाराजा." मागोमाग सगळी खोली म्हणाली. दारामागच्या खुंटीला त्यांचा इस्त्रीचा शर्ट लटकत होता, त्याच्या शेजारी मी उभा होतो, आणि मीही म्हणालो.