चौघी जणी की एकच बाई

मी चित्रकथा काढते. त्यावरच माझं पोट चालतं, हे लिहिताना अजूनही थोडा संकोच वाटतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि एवढं शिकून कोणी चित्रं काढत बसतं हे तेव्हा मलाही पटत नव्हतं.

पहिलं काम मिळालं ते चंद्रपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना. वसतिगृहाच्या मेसमधल्या पातळ वरणावर मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात सहा चौकटींची एक गंमत काढली होती. ती पाहून एका संस्थेच्या बाई मला शोधत आल्या. मूल तालुक्यातल्या गावांत त्या बायकांचे बचत गट चालवायच्या. तलावातली माशांची पिल्लं धरू नका, त्यांना मोठं होऊ द्या, एवढंच सांगणारी आठ पानांची चित्रकथा त्यांना हवी होती. गटातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं, म्हणून शब्द नकोतच.

"एक अट आहे," बाई म्हणाल्या. "छापायच्या आधी गावात दाखवायची. बायकांनी पाहून गोष्ट आपली आपण सांगायची. तू मध्ये बोलायचं नाही. नाही समजली, तर काम नागपूरच्या चित्रकाराला देईन."

मी घाईघाईने म्हटलं, आमच्याच गावात दाखवू. आम्ही तलावावरचे मासेमार. मला वाटलं, हा पेपर तर फुटलेलाच आहे.

तीन आठवडे खपले. सगळा जीव नायिकेच्या चेहऱ्यात ओतला. दुसरा दिवस उजाडला हे शब्दांशिवाय कसं दाखवायचं, यावर फार विचार करून मी तिचं लुगडं बदललं. आज चौकड्यांचं, उद्या बुट्ट्यांचं, परवा मोठ्या काठाचं, तेरवा पट्ट्यापट्ट्यांचं. या युक्तीवर मी इतकी खूश होते की एकाच मैत्रिणीला ती दोनदा सांगितली.

गावात समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकून पानं मांडली. दहा-बारा बायका जमल्या, त्यांत माझी मायही होती. सगळ्या पानांवर वाकल्या. मग शेजारची काकू म्हणाली, "ह्या चौघी जनी कोन होत वं?"

"बहिनी असतीन."

"बहिनी नाई, जावा होत. एकीचं तोंड दुसरीले पाहावत नाई, दिसत नाई का?"

"हे काठाच्या लुगड्याची लय नटून राह्यली. इचंच लगन असन."

तिसऱ्या पानापर्यंत लग्न ठरलं होतं. बोलणं दाखवायला मी नायिकेच्या तोंडापाशी एक फुगा आणि त्यात मासा काढला होता. त्यावर बोट ठेवून काकूनं विचारलं, "आन इच्या तोंडातून हे काय निंघून राह्यलं? बिडी पेते का हे?"

सगळ्या हसून लोळल्या. मी ओढणीचं टोक दातात धरून बसले. बाईंनी पानं गोळा केली आणि एवढंच म्हणाल्या, "नागपूरला पत्र लिहायला मला आठ दिवस लागतील."

घरी आल्यावर माझा बांध फुटला. "माय, एकच बाई होय ते! तोंड एकच काढलं ना मी!"

माय मासे निवडत होती. "मंग लुगडं काऊन बदललं? चिखलात जाले कोन रोज नवं लुगडं नेसते?"

"दुसरा दिवस दाखवाचा होता."

"मंग दिवस दाखव. बाई काऊन बदलवते?" पुढचा मासा उचलत म्हणाली, "आन तोंड कोन पाह्यते वं? तलावाच्या पाळीवरून येनाऱ्या बाईचं तोंड दिसते का दुरून? आमी चालन्यावरून वळखतो."

आणि मासे सोडून ती उठली. रिकामी टोपली घेऊन तिनं आमच्या अख्ख्या गल्लीच्या चाली करून दाखवल्या. एक कमरेवर टोपली टेकवून झोकात चालणारी, एक भीत भीत पाय टाकणारी, एक वाकून, जणू काही हरवलंय ते शोधत जाणारी. मी हसता हसता पेन्सिल शोधली.

त्या आठ दिवसांच्या मुदतीत तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वही घेऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या बजावत होत्या, "मले बारीक काढजो वं!" चेहरे मी जवळजवळ पुसूनच टाकले. नायिका कमरेवर टोपली घेऊन ढांगा टाकत चालायची, गोष्टीतली पिल्लं पळवणारी शेजारीण वाकून. रात्रीसाठी एक काळी पट्टी आणि चांदण्या. लुगडं शेवटपर्यंत एकच. फुगे गेले, हात बोलू लागले.

आठव्या दिवशी पुन्हा तोच ओटा.

"हे ढांगावाली पिल्लं सोडून देते पान्यात," काकू म्हणाली.

"आन ते वाकडी लपवून घरी घेऊन चालली. चोट्टी!"

"रात झाली. पुन्हा आली चोट्टी."

शेवटच्या पानावर रिकामं जाळं होतं. "पाहा, राह्यलं का काई तलावात?"

बाई भराभर लिहून घेत होत्या. मी श्वास सोडणार, तेवढ्यात माय म्हणाली, "चोट्टी काऊन म्हनता तिले? घरी पाव्हने आले असतीन."

"पाव्हने आले म्हून साऱ्या गावाची मासोळी नेते का?"

"तू नाई नेली कधी?"

मग जो गलका झाला त्यात माझी चित्रं कोणाच्या तरी पायाखाली गेली. बाईंनी ती ओढून काढली, झटकली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "छापायला देते."

माय तोवर उभी राहिली होती. त्या वाकडीच्या घरी किती पाव्हणे आले, त्यांतला जावई कोणता आणि तो कसा रुसून बसला, हे ती हातवारे करून सांगत होती. आठ पानांत मी एकही पाव्हणा काढला नव्हता.