बारगीर

टांग्याच्या घोड्याच्या घामाचा वास आला, की मला माझ्या बायकोचा आजा आठवतो. आमचं लग्न नवं होतं, मी सोलापुरात गिरणीत होतो. म्हातारा अक्कलकोटाकडनं नातीला भेटायला आला, एक पाय ओढत, गाठोड्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर माणसं जमली, तशी बायको दारातनं कौतुकानं म्हणाली, "आमचं अज्जा फौजेत बारगीर व्हतं." शेजाऱ्यानं विचारलं, "बारगीर म्हंजी काय वो?" फारसी जाणणाऱ्या आमच्या मुकादमानं मला तो शब्द फोडून सांगितला होता, ते मिरवायची मला खाज सुटली. "बार म्हंजी ओझं, ते उचलणारा बारगीर. सवताचा घोडा असंल तो शिलेदार. बारगीर बसतो दुसऱ्याच्या घोड्यावर." "म्हंजी भाड्याचा टांगेवाला की!" शेजारी बोलला आणि सगळा ओटा हसला. मीही हसलो. म्हातारा गुडघा चोळत शांतपणे म्हणाला, "खरं हाय, जावईबापू. घोडा सरदाराचाच व्हता. पाय तेवढा माझा गेला." मी दारात बघितलं, तर बायको आत निघून गेली होती. पुढं पोरं विचारायची, "आई, तुझा आजा काय करायचा?" ती म्हणायची, "शेती." मी शेजारीच बसलेला असायचो, पण तोंड उघडलं नाही. परवा तिच्या तेराव्याला थोरल्यानं पाहुण्यांना सांगितलं, आईच्या माहेरी सगळे शेतकरीच. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी होकारार्थी मान डोलावली.