एकाच वेळी दहा नाना

हसा, हसा! पण सासऱ्यांसमोर अशी फजिती तुमची झाली असती ना, तर उज्जैन सोडून देवासला राहायला गेला असतात.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे. टावर चौकामागच्या हॉलात आमच्या मंडळाचा गणपती बसतो, तिथे तीस वर्षं आरत्या म्हणायचा मान त्यांचा. यंदा घशाचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी नंतर महिनाभर बोलायलाच बंदी घातली. नाना हवालदिल! मी छाती पुढे काढून म्हणालो, "नाना, ऑपरेशनच्या आधी पाचही आरत्या रेकॉर्ड करून द्या. मी असा प्रोग्राम लिहितो की बटण दाबलं की एकामागून एक वाजतील."

घरी बसून लॅपटॉप बडवणं हे काम आहे, यावर नानांचा अजून विश्वास नाही. त्यामुळे इज्जत का सवाल होता!

प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये लिहिला. त्यात प्रॉमिस नावाची एक सोय असते. हातातलं काम उरकलं की ते 'झालं' असं कळवतं, मग आपण पुढचं काम सुरू करायचं. सोप्पं! गणपतीची एकच आरती घालून पाहिली. नानांचा खणखणीत आवाज आला, पहिल्याच ओळीला बंद केलं. चालतंय की! अजून काय तपासायचं?

पहिल्या दिवशी हॉल गच्च भरलेला. कापूर पेटला, मी बटण दाबलं. गणपतीची आरती सुरू झाली, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. रेकॉर्डिंग नेटवरून यायचं आणि हॉलचं नेट जरा मंद, म्हणून पुढची आरती येईपर्यंत दोन ओळी तरी नीट झाल्या. मग दुसरे नाना देवीला आळवू लागले. मग तिसरे शंकराला! बघता बघता स्पीकरमधून पाच नाना पाच देवांना हाका मारतायत, आणि खरे नाना समोर तोंड मिटून लालबुंद!

शेजारचे शर्माजी टाळ घेऊन गोंधळले. "भाईसाब, ये कौन सी वाली चल रही है?"

"सगळ्याच!" म्हणत मी घाबरून परत बटण दाबलं. झालं! आता दहा नाना.

शेवटी शर्माजींनीच स्पीकरची वायर उपटली आणि लोकांनी आपापल्या गळ्यानं आरत्या उरकल्या.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, एकामागून एक म्हणाला होतात ना?"

"अगं, गाणं सुरू झालं रे झालं की ते प्रॉमिस 'झालं' म्हणतं! संपलं कधी, ते वेगळं विचारावं लागतं. मी पहिल्याच ओळीला बंद केलं होतं, मला काय माहीत?"

नानांनी एक चिठ्ठी सरकवली. "म्हणजे माझी एकही आरती पूर्ण ऐकली नाहीत, जावईबापू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुखऱ्या घशानं त्या माणसानं पाच आरत्या म्हटल्या होत्या हो! मी तिथल्या तिथे हात जोडून बसलो आणि मोबाईलवर गणपतीची आरती लावली. या खेपेला मन लावून ऐकली. दुसऱ्या कडव्यानंतर आवाज थांबला. मी अगदी भरून येऊन म्हणालो, "वा नाना! काय म्हटलीत!"

नानांनी शांतपणे दुसरी चिठ्ठी लिहिली.

"दम घेतोय. अजून एक कडवं आहे."