मावशीचा बिनकुलपाचा डबा

शिरूर कासारच्या बाजारात जेवढी कुलपं विकली गेली असतील, त्यातली निम्मी माझ्या थोरल्या वहिनीच्या मावशीनं घेतली, असं माझं ठाम मत आहे. साखरेच्या डब्याला कुलूप, गुळाच्या पेटीला कुलूप, टँकरचं पाणी साठवायच्या टाकीला तर दोन. एकदा खराटासुद्धा साखळीनं बांधून कुलपात घातलेला मी पाहिला. विचारलं तर म्हणाली, "दुष्काळात मान्सं काय बी नेत्यात बाबा." कमरेला किल्ल्यांचा जुडगा असा, की ती येण्याआधी तिचा आवाज यायचा.

आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर गेले की मागं राहणाऱ्या लेकरांसाठी आमच्या दूध सोसायटीनं पाळणाघर काढलं होतं. ते मावशी चालवायची. मी सोसायटीचा सेक्रेटरी, मधे एकच भिंत, त्यामुळे तिचा सगळा कारभार माझ्या कानावर. एका हंगामात चार वर्षांची सोनी तिथं आली. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी या पोरीच्या अंगावर गांधी उठायच्या आणि श्वास कोंडायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी पेनासारखं एक इंजेक्शन दिलं, ते मांडीत कसं दाबायचं हे शिकवलं, आणि बजावलं की याला ऊन लागू देऊ नका आणि हे कुलपात ठेवू नका. दुसरी अट मावशीला किती जड गेली असेल ते मीच जाणतो. तिनं एका मडक्यात दुसरं मडकं बसवलं, मधे ओली वाळू भरली, आत इंजेक्शनाचा लाल डबा ठेवला आणि मडकी उंच कोनाड्यात मांडली. वाळू ओली ठेवायला ती स्वतःच्या वाट्याचं पाणी घालायची आणि चहा सोडून द्यायची. "मला काय धाड भरलीय?" एवढंच म्हणायची.

आमच्या चेअरमनना खिशात भाजलेले शेंगदाणे ठेवायची सवय. मावशी त्यांना दारातच अडवायची. "चेअरमन असशीला सोसायटीचं. खिसं पालथं करा आधी." शिवाय दर सोमवारी सरावाचं खोटं पेन घेऊन ती सगळ्यांकडून इंजेक्शनाची तालीम करून घ्यायची. टँकरवाला गुदगुल्या होतात म्हणून पळाला, तर त्याच्या गाडीची चावीच तिनं काढून घेतली. चेअरमन कुरकुरले, "काहून दर सोमवारी? मी काय नर्स हाय का?"

"लेकरू तुमाला इचारून आजारी पडनार हाय का? मांडी पुढं करा."

महाशिवरात्रीला टँकर अवेळी आला आणि मावशी घागरी घेऊन धावली. लेकरांजवळ चेअरमन थांबले. त्यांनी खिसे इमानदारीनं पालथे केले होते. पण घरून लेकरांसाठी भगर आणली होती आणि तिच्यासोबत आमटी, शेंगदाण्याची. आमच्याकडे उपवासाच्या पदार्थानं कुणाला काही होतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्यांनी प्रेमानं सोनीला घास भरवला.

खोकल्याचा आवाज विचित्र वाटला म्हणून मी धावलो. सोनीचे ओठ सुजले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. चेअरमनचा हात कोनाड्यात पोचला होता. डबा उघडला, टोपण काढलं, फ्रॉकवरूनच मांडीत पेन दाबून धरलं, अगदी सोमवारी करायचे तसं. मग दुधाच्या टेंपोत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वाटेतच तिचा श्वास मोकळा झाला आणि ती रडायला लागली. कुणाचं रडणं ऐकून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मागून मावशी पोचली. चेअरमन भिंतीला टेकून हुंदके देत होते. आता ही त्यांना फाडून खाणार, असं मला वाटलं. तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "रडू नका. हात बराबर पडला तुमचा."

पुढच्या हंगामात आईबापानं सोनीला सोबतच नेलं. गाडी सुटायच्या आधी मावशीनं मुकादमाकडून तालीम करून घेतली आणि मडक्यांसकट नव्या इंजेक्शनाचा डबा सोनीच्या आईच्या हवाली केला. आता कोनाड्यात नवी मडकी आहेत. आत काहीच नाही, पण रोज सकाळी वाळू ओली असते. पाणी कशाला वाया घालवतेस, असं मी एकदा विचारलं.

"पाडव्याला येतीय की ती," मावशी म्हणाली, आणि टाकीची दोन्ही कुलपं उघडायला गेली.