मामांचा अंगठा

मामा माशाच्या पाठीवर अंगठा दाबायचे, उचलायचे आणि म्हणायचे, "थांबा. भरू द्या."

अंगठा उचलला की माशाच्या मांसात एक खळगा राहायचा. तो भरून येईपर्यंत मामा कुणाला बोलू द्यायचे नाहीत. भरून आला की "भरला! घ्या," म्हणायचे आणि मासा समोरच्याच्या हातात द्यायचे. चांगल्या पोसलेल्या माशाचं मांस घट्ट असतं, दाबलं तरी वर येतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, कलिंगड वाजवून बघणारा, नाहीतर नारळ कानाशी धरून हलवणारा. आपल्याला काही घ्यायचं नसतं, तरी आपण उगाच थांबून बघत राहतो.

मामा आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. चिंचवडहून निघून भोसरी, मोशी करत चाकणला जाणारी पहिल्या शिफ्टची बस त्यांची. बसच्या ड्रायव्हरला आमच्याकडे सगळेच मामा म्हणतात, पण हे मामा नातं मनावर घ्यायचे. डबा विसरून उतरलेल्याला हॉर्न वाजवून परत बोलवायचे, नवीन पोरगा उभा दिसला की आरशातून जुन्यांना सरकायला सांगायचे. घर इंद्रायणीकाठच्या जुन्या गावात. जमीन थोडी, भाऊबंद पुष्कळ आणि नदी अगदी मागच्या दाराशी. मोशीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं की अख्खी बस कुरकुरायची आणि मामा खिडकीतून मान बाहेर काढून खाली वाकायचे.

"पाणी बघून घेतो, राव. उद्याचं ठरवायचंय."

उद्या म्हणजे गुरुवार, आमच्या कंपनीची सुट्टी. गुरुवारी मामा दिवसभर गळ टाकून बसायचे, आणि गंमत अशी की त्यांच्या घरात गुरुवारी मांसमच्छी शिजत नसे. मामी गुरुवार कडक पाळायच्या. त्यामुळे धरलेले मासे रात्रभर परसातल्या हौदात पोहत राहायचे आणि शुक्रवारी पहाटे तव्यावर जायचे. ड्रायव्हरच्या सीटमागे स्टीलचा मोठा डबा असायचा आणि कंपनीच्या पार्किंगमध्ये बस लागली की तो उघडायचा. कार्ड पंच करायला उशीर होत असतानाही माणसं एकेक तुकडा तोंडात टाकून पळायची. आमच्या बसमध्ये शुक्रवार हा माशाचा वार होता.

मी रत्नागिरीकडचा. गोड्या पाण्यातल्या माशाविषयी आम्हा लोकांचं मत फारसं चांगलं नसतं, आणि ते आम्ही न विचारता सांगतो. पहिल्या शुक्रवारी मामांनी तुकडा पुढे केला तेव्हा मी म्हणालो, "आम्ही समुद्राचा खातो."

"समुद्र इथनं लांब हाय, भाऊ. तवर हा खा."

खाल्ला. चिलापीचा तुकडा होता, मिठाचा आणि लाल तिखटाचा. कोकणाची अब्रू राखायला मी फक्त मान हलवली, पण हात परत डब्यात गेलेला मामांनी बघितला आणि ते आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं.

पुढे मामा एक लहान डबा माझ्या घरासाठी वेगळा देऊ लागले. माझी बायको सुजाता डबा रिकामा परत करणाऱ्यातली नाही. तिनं त्यात कोकमं भरून पाठवली. मामींनी ती रश्श्यात टाकली, मामांना चव आवडली आणि लगेच नातं जाहीर झालं. सुजाता त्यांची भाची. म्हणजे मी जावई. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढलो तर मामांनी पुढच्या सीटवरच्या सुपरवायझरला उठवलं. "जावयाला मागं बसवत्यात व्हय?" तेव्हापासून ती सीट माझी झाली, आणि चेष्टाही माझीच होऊ लागली.

मग एका शुक्रवारी डबा उघडला तर आत तुकडे नव्हते, चुरा होता. मांस काट्यापासून सुटून पिठल्यासारखं झालं होतं. पुढच्या शुक्रवारी तेच. मामा खजील झाले आणि खजील झालेला नवरा जे करतो तेच त्यांनी केलं. दोष बायकोवर टाकला. मामींनी नुकताच चुलीवरचा स्वयंपाक बंद करून गॅस घेतला होता. मामांनी बसभर जाहीर केलं की गॅसवर मासा उतरतो.

मामींना हे कळलं. त्यांनी बाजारातून दुसरीकडचा मासा आणला, त्याच गॅसवर, त्याच तव्यात तळला आणि ताट मामांपुढे सरकवलं. तुकडा घट्ट होता, बोटानं मोडावा लागत होता.

"गॅस तोच हाय," मामी म्हणाल्या. "आता तुमची नदी बघा."

हे मला मामांनीच सांगितलं, हसत हसत. पण एरवी कुणाला मासा देतानाच दाबणारे मामा त्या दिवसापासून धरलेला प्रत्येक मासा शिजायच्या आधी दाबून बघू लागले, आणि खळगे भरेनात. मासा दिसायला मोठा, हातात मात्र लिबलिबीत. कल्ल्यांचा रंग मळका, आणि चिरला की भांडी घासल्याच्या पाण्यासारखा वास. काठावर गळ टाकणारे आणखी चार-पाच जण होते, त्यांचाही तोच अनुभव. कुणी म्हणायचं गटाराचं पाणी, कुणी म्हणायचं कारखान्यांचं, कुणी म्हणायचं पाऊसच कमी झाला. पुलाखाली पांढरा फेस तरंगायचा आणि पुलावरून आम्ही कामावर जायचो. आमची पोटं कारखान्यांच्या ज्या पट्ट्यावर भरत होती त्याला शिव्या तरी कशा घालायच्या, म्हणून बसमध्ये त्या विषयावर फार कुणी बोलत नसे. शुक्रवारचा डबा बंद झाला. पुलावर ट्रॅफिक तुंबलं की मामा आता काच वर करून घ्यायचे.

त्याच सुमारास सुजाताला दिवस गेले. तिला काहीच जात नव्हतं. भाताच्या वासानं उलटी, दुधाच्या वासानं उलटी. वजन वाढायच्या ऐवजी उतरलं. डॉक्टरीण म्हणाली, जे जाईल ते खायला घाला, पण खायला घाला. आमच्या आईनं गावाहून सुके बांगडे पाठवले, ते सुजातानं पिशवीतून बाहेरही काढू दिले नाहीत. मी घाबरून गेलो होतो, हे आज सांगायला हरकत नाही. अशात एक दिवस सुजाता म्हणाली, "मला मामांच्या डब्यातला मासा खावासा वाटतोय."

मी मामांना सांगितलं. त्यांनी बस बाजूला घेतली नाही एवढंच.

"भाचीचं डोहाळं मामानं पुरवायचं न्हाईत तर कुणी? या शुक्कुरवारी देतो."

शुक्रवार आला. मामा म्हणाले, "लागला न्हाई." पुढचा शुक्रवार आला. "लागला न्हाई, जावईबापू. पाणी गढूळ हाय." सुजाता घरी दाराकडे डोळे लावून बसलेली असायची आणि मी रिकाम्या हातानं जायचो. शेवटी तिनंच मामींना फोन लावला, की मामांना म्हणावं उगाच उन्हात बसू नका, मासा लागत नाही तर राहू दे.

"लागत न्हाई?" मामी म्हणाल्या. "घमेलंभर लागतोय. रोज कामावरनं आलं की नदीवर. धरत्यात, दाबत्यात आणि बांधाला पुरत्यात. म्हणत्यात, पोटुशी पोरीला ह्यो कसा देऊ?"

सुजातानं फोन ठेवला आणि रडली. मला वाटतं, मासा न मिळूनही त्या दिवशी ती पहिल्यांदा दोन घास भात जेवली.

मामांपुढे आता एकच वाट होती आणि ती त्यांना नको होती. भामा नदीच्या धरणाच्या वर, जिथे डोंगरातला ओढा येऊन पाण्याला मिळतो, तिथे त्यांची सासुरवाडी. लग्न झाल्यापासून मामा त्या गावाला नावं ठेवत आलेले. सासुरवाडीचं पाणी म्हणे मचूळ, मासा म्हणे बेचव, मासा खावा तर इंद्रायणीचा. मेव्हण्यांनी दर दिवाळीला बोलवावं आणि मामांनी दर दिवाळीला हे ऐकवावं. आता त्याच मेव्हण्यांच्या दारात गळ घेऊन उभं राहायचं होतं. एका गुरुवारी सकाळी मामांनी मोपेड काढली. मामी मागे बसल्या. वाटेत त्या एकदाही हसल्या नाहीत, असं त्या आजही शपथेवर सांगतात.

शुक्रवारी बसमध्ये मामांच्या सीटशेजारी झाकणाची बादली होती. झाकणावर वीट. मोशीच्या पुलावर ब्रेक लागला, वीट घसरली आणि हातभर लांबीची जिवंत मरळ उसळून बाहेर आली. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, हे त्या दिवशी सगळ्या बसनं पाहिलं. ती सीटखालून मागे निघाली. क्वालिटीवाले, स्टोअरवाले, मेंटेनन्सवाले, सगळे गुडघ्यांवर. मागच्या गाड्यांचे हॉर्न. मामा स्टिअरिंगवरून ओरडत होते, "हळू धरा रं! भाचीची हाय!" शेवटी एकानं शर्ट काढून तिच्यावर टाकला. त्याचा तो शर्ट पुढे कितीही धुतला तरी वास गेला नाही, पण त्यानं कधी तक्रार केली नाही.

शिफ्ट संपल्यावर मामा बादली घेऊन माझ्याबरोबर घरी आले. आमच्या मोरीत बसून त्यांनीच मरळ साफ केली. मग पाटावर ठेवली आणि सुजाताला जवळ बोलावलं. अंगठा दाबला, उचलला.

"थांबा. भरू द्या."

आम्ही तिघं त्या खळग्याकडे बघत होतो. मी देवापुढेही इतका शांत उभा राहिलो नसेन. खळगा भरून आला.

"भरला! घे, पोरी."

सुजाता जेवली. पोटभर जेवली आणि पोटात राहिलं. त्यानंतर बाळंतपणापर्यंत मामा-मामींचा गुरुवार सासुरवाडीला ठरलेला होता. मेव्हण्यांनी काय काय ऐकवलं असेल ते मामांनी कधी सांगितलं नाही. पण स्वतःच्या नदीवर त्यांनी परत गळ टाकला नाही. एकदा पुलावर थांबलेलो असताना मी विचारलं, तर काचेतूनच खाली बघत म्हणाले, "लहानपणापास्नं पाव्हण्याला काय द्यायचं ही काळजी न्हवती आमाला. मागल्या दारी जायचं आन् आणायचं. आता आमच्या नदीचं काय कुणाला देण्यासारखं ऱ्हायलं न्हाई, जावईबापू." मागून हॉर्न वाजला आणि त्यांनी गिअर टाकला.

आम्हाला मुलगी झाली. गुटगुटीत. त्यात माशाचं श्रेय किती, हे आम्ही डॉक्टरिणीला विचारलं नाही. आमच्या घरात ते मामांकडेच जातं. मनवा बोलायला लागल्यावर त्यांना मामाआजोबा म्हणू लागली आणि त्यांनी तिला पहिली विद्या शिकवली ती अंगठ्याची. ती पोळी दाबायची, उशी दाबायची, माझं पोट दाबायची आणि म्हणायची, "थांबा. भलू द्या."

मामा गेले त्याला आता वर्ष होईल. बस तीच आहे, ड्रायव्हर नवा, चांगला मुलगा आहे. पुढच्या सीटवर मी बसत नाही. त्यांच्या उपकाराची फेड वगैरे माझ्याकडून झाली नाही आणि होणारही नव्हती, पण त्यांची शेवटची भेट मला सांगायची आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांचं हृदय थकलं होतं. आम्ही तिघं भेटायला गेलो तेव्हा ते मागच्या दाराशी खाटेवर पडून होते. नदीकडचं दार बंद होतं. पाय सुजले होते. मनवा गेली ती थेट पायाशी, आणि आम्ही अडवायच्या आत तिनं सवयीनं मामांच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला. खळगा पडला.

"थांबा," ती म्हणाली. "भरू द्या."

खळगा भरेना. ती वाट बघत राहिली. सुजातानं तोंड फिरवलं. मामी पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. मामांनी तो खळगा बघितला, मग मनवाचं तोंड बघितलं आणि पायावर गोधडी ओढून घेतली.

"अगं येडे, खालच्या अंगाला कशाला दाबती? तिकडचं पाणी खराब हाय. वर ये, वर."

त्यांनी आपला तळहात तिच्यापुढे धरला. स्टिअरिंग धरून धरून घट्ट झालेला. मनवानं अंगठ्याच्या बुडाशी जोर लावून दाबलं आणि उचललं. मांस लगेच वर आलं.

"भरला!" ती ओरडली. मग तिला शिकवलं होतं तसंच तिनं केलं. मामांचा हात दोन्ही हातांनी उचलला, वळली आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या."

मी घेतला.