फिंतासचा तिसरा हात

बू नासरने मला फसवलं, मी माझ्या आईला फसवलं, आणि आम्ही दोघांनी मिळून एका आंधळ्या म्हाताऱ्याला त्याच्यासमोर बसून फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घेणार नाही.

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. दिवाळी अंकात असं काही आलं की मी पान उलटायचो. ज्या वस्तूला हात लावून बघता येत नाही तिचा भाव मी कधी विचारला नाही... आणि नेमका माझ्याच हाताला हा अनुभव यावा!

आमचं गाव जयगडच्या खाडीत. त्या काळी कुवेतची गलबतं खजूर घेऊन किनाऱ्याने खाली जायची आणि येताना लाकूड, काथ्या भरून न्यायची. अशाच एका गलबताची डोलकाठी जयगडसमोर मोडली. दुरुस्तीला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत त्याच्या नाखुदाने, म्हणजे कप्तानाने, ईसा त्याचं नाव, माझ्या नानीशी लग्न केलं. काठी बसली, वारा फिरला आणि गलबत गेलं ते गेलंच. माझी आई त्यानंतर आठ महिन्यांनी जन्मली.

निकाह लावणारे काझी पुढच्याच वर्षी वारले. साक्षीदार गलबतावरचे, ते गलबताबरोबर गेले. मग गावाला काय, जीभ मोकळीच. आईचं नाव ‘आरबाची’ पडलं. विहिरीवर बायका विचारायच्या, “काय गो, बापाचा पत्ता लागला का?” माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न ह्याच एका गोष्टीवरून मोडलं.

मी त्रेपन्न साली कुवेतला निघालो तेव्हा आई एवढंच म्हणाली, “उस्मान, पैसे नाय पाठवलेस तरी चालंल. माझ्या आईचा निकाह झाला होता, एवढी एक ओळ कुठं लिहिलेली गावली तर बघ.”

तिच्याकडे खुणा दोनच. मोडलेली काठी, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं, दोरात सापडून तुटलेलं.

अहमदीला तेल कंपनीच्या मेसमध्ये मी भांडी घासली, मग हातगाडी घेतली, मग फहाहीलला नळ-खिळ्यांची टपरी टाकली. घासाघीस करून वर आलो आणि भांडूनही आलो. गिऱ्हाईक उलट बोललं तर मी वस्तू परत हिसकावून घ्यायचो. पण दर शुक्रवारी आईचं काम करायचो. किनाऱ्यावर गलबतं बांधणारे म्हातारे सुतार होते, त्यांच्याजवळ बसायचो. मशिदीतल्या म्हाताऱ्यांना विचारायचो. सहा वर्षं नुसती मुंडी हलवायचे. सातव्या वर्षी एका सुताराने रंधा बाजूला ठेवला.

“हिंदच्या किनाऱ्यावर काठी मोडलेला? अर्ध्या बोटाचा ईसा? तो वारला रे. फिंतासला त्याचा भाऊ आहे. जा, पण मोठ्याने बोल, डोळे गेलेत त्याचे.”

“डोळे गेलेत तर मोठ्याने कशाला?”

“कानही जायला आलेत, अशी अफवा तो स्वतःच पसरवतो. म्हणजे घरातले त्याच्यासमोर सगळं बोलतात!”

फिंतासला खजुराच्या बागेत ते घर होतं. म्हाताऱ्याचा जन्म दर्यावर गेलेला, हिंदुस्तानी चांगलं बोलायचा. त्याने माझा हात हातात घेतला, तळवा चाचपला आणि म्हणाला, “पंजा ईसाचा आहे. बोट तेवढं पूर्ण आहे.” मग पेटी उघडायला लावून भावाची रोजनिशी काढून दिली. दर सफरीत नाखुदा वारा, बंदर, माल लिहायचे, ती वही. त्यात होतं... सगळं होतं. जयगडला काठी मोडली. अमक्याच्या मुलीशी, हाफिजाशी, निकाह केला. मेहर इतका. साक्षीदार दोन, नावानिशी.

आणि पुढच्या नऊ सफरींत, दर वर्षी, एकच ओळ : ‘डाव्या हाताला जयगडचा किल्ला. वारा चांगला. थांबलो नाही.’

माझं डोकं तिथेच फिरलं. नऊ वेळा! किनारा दिसत असताना!

“वही घेऊन जा,” म्हातारा म्हणाला. “तुझ्या आईची आहे. ईसाला थांबायची लाज वाटायची.”

दुसऱ्याच दिवशी बू नासर माझ्या टपरीवर आला. बू नासर म्हणजे ईसाचा कुवेतमधल्या बायकोपासूनचा मुलगा, नात्याने माझा मामा. मामा म्हणून नाही आला. सरकार तेव्हा बागांच्या जमिनी विकत घेत होतं, भाव आभाळाला भिडले होते, आणि निकाहाची मुलगी निघाली तर तिचा वाटा निघतो. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. फहाहीलच्या बाजारात रस्त्यावरचं त्याचं एक पक्कं दुकान रिकामं होतं.

“शुक्रवारी घरी ये,” तो म्हणाला, “वही घेऊन ये.”

मी गेलो. इथे मला कुणी ढकललं नव्हतं.

दुपारची नमाज झाली होती. बैठकीत आम्ही तिघेच : मी, बू नासर, आणि समोरच्या भिंतीला टेकून म्हातारा, दोन्ही हात काठीवर. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून बू नासरने डोक्यावरचा लाल रुमाल काढून आमच्या उजव्या हातांवर टाकला. मोत्यांचे व्यापारी असाच सौदा करायचे. आपल्याकडे बैलबाजारात करतात तसाच. जितकी बोटं धरायची तितका आकडा. आमचा आकडा वर्षांचा होता, वहीच्या बदल्यात दुकान किती वर्षं बिनभाड्याने. तोंडाने आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

मी पाच बोटं दिली. त्याने दोन धरली.

तेवढ्यात माझी बोटं कुणीतरी मिटायला लागलं. एकेक करून, करंगळीपासून. चारही तळव्यात मिटली, वर अंगठा ठेवला आणि मूठ हलकेच दाबली. मला वाटलं, हा त्याचा नकार. संतापून मी पुन्हा पंजा उघडला. पुन्हा तेच, सावकाश, लहान मुलाची मूठ मिटावी तसं. तिसऱ्यांदा मी नीट लक्ष दिलं. बू नासरची अंगठी माझ्या मनगटाला लागत होती. म्हणजे त्याचा उजवा हात तिथे होता. डाव्या हातात गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, पेला होता. माझा डावा वहीवर. म्हाताऱ्याचे दोन्ही काठीवर.

मूठ दाबणारा हात गरम होता, खरखरीत होता. आणि त्याचं पहिलं बोट अर्ध्यातच संपत होतं.

मी ओरडायला हवं होतं. उठायला हवं होतं. पण त्याच क्षणी बू नासरने माझी पाचही बोटं धरली. पाच वर्षं! मी घाईघाईने त्याचा हात आवळला. सौदा पक्का झाला.

वही मी हळूच त्याच्याकडे सरकवली. मग वही आईसाठी बांधतोय असं म्हाताऱ्याला ऐकून वाटावं म्हणून पिशवीतला जुना पेपर काढून चांगला खडखड वाजवत गुंडाळला, वर सुतळी बांधली.

“नीट बांध हं,” म्हातारा म्हणाला, “बोटीवर ओल लागते.”

दारात बू नासरने माझा दंड पकडला. चेहरा पांढरा पडला होता. “सौद्यात दोन हात घालतोस? कुठे शिकलास हे?”

मी दंड सोडवून बाहेर पडलो.

आईला पत्र लिहिलं : खूप शोधलं, काही सापडलं नाही. पाच वर्षांचं दुकान दीड वर्षात रस्त्यात गेलं. रस्ता येणार हे बू नासरला आधीपासून ठाऊक होतं; भरपाई त्याने खिशात घातली. मी त्याच्या दारात जाऊन शिव्या घातल्या. कुणापुढे तक्रार करणार होतो? पुरावा मीच विकला होता.

बासष्ट साली घरी गेलो. आई म्हणाली, “नाय गावलं तर नाय. तू बघायला तरी गेलास.” मग माझा उजवा हात ओढून घेतला, करंगळीपासून एकेक बोट मिटलं, वर अंगठा ठेवला आणि मूठ दाबली.

“हे काय?”

“तुझी नानी मला झोपवताना असं करायची. तुझा नाना होडीत बसताना तिचा हात असा मिटवून गेला. म्हणाला, मी येईस्तोवर उघडू नको.”

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बू नासरला तर माहीत असणं शक्यच नाही.

बोटं बधिर झाली असतील, मनाचा खेळ असेल, सगळं विचारून झालंय. डॉक्टर हसतो. आई गेली, ‘आरबाची’ म्हणूनच गेली. म्हाताराही गेला. त्या घरातल्या कुणाकडे ती वही असेल, तर जाळली की ठेवली एवढं त्यांनी मला सांगितलं पाहिजे. माझ्या पापाचा जाब मी देईन, तो टळायचा नाही.

पण नाना, आधी तू दे. माझी मूठ तीनदा मिटण्याइतका जोर तुझ्या हातात होता, तर नऊ वेळा जयगड डाव्या हाताला दिसत असताना सुकाणू फिरवायला तोच हात का उठला नाही? बोल.