महीपलीकडचं लग्न

आमच्या घरात सरकारला शिव्या घालायची वेळ ठरलेली होती. संध्याकाळची जेवणं आटोपली, बाबांनी सुपारी तोंडात टाकली, की आई मुकाट्यानं उठून रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायची. खिडकी लागली की बाबा सुरू. दिवसभर बडोद्याच्या हुजूर कचेरीत मान खाली घालून नकला उतरवायच्या आणि घरी येऊन त्याच सरकारला फाडून खायचं, असा त्यांचा खाक्या. महाराजांना मात्र ते कधी काही बोलले नाहीत. महाराज थोर, पण खालच्या लोकांनी उच्छाद मांडलाय, असं म्हणायचे आणि मग त्या खालच्या लोकांचा उद्धार सुरू व्हायचा. स्वतःही त्यातलेच आहोत, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

कारणांना काय तोटा? आजव्याच्या तलावाचं पाणी नळानं आमच्या रावपुऱ्यात आलं, त्याचा कर आला. विहिरीचं पाणी शेंदताना हात भरून यायचे पण पावती कुणी फाडत नव्हतं, हे त्यांचं म्हणणं. रस्ता रुंद करायचा म्हणून आमचा ओटा अर्धा कापला, तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. प्लेगाच्या साली सरकारी माणसं घरात शिरली आणि कौलं उतरवून गेली, ती परत लावायला कुणी आलं नाही. आणि शाळा! मुलगी घरी राहिली तर बापाला दंड. "पोर माझी, ताप तिला, आणि दंड सरकारला," असं ते म्हणायचे आणि आईकडे आणि माझ्याकडे असे बघायचे की जणू नियम आम्हीच केलाय. आज माझ्या दारी घरपट्टीची नोटीस आली की मीसुद्धा अशीच भडकते. रक्त कुठे जातंय.

पण खरी गंमत पुढेच आहे. शाळेवर एवढं तोंडसुख घेणारे बाबा पाहुणे आले की मला हाक मारायचे. वर्षातून एकदा शाळा तपासायला साहेब यायचे, त्यांना सगळे दिपोटी म्हणत. ते यायचे म्हणून बाई आम्हांला महिनाभर घोकवून घ्यायच्या. साहेबांनी एक विचारलं तरी सगळं सांगायचं, नाव, वय, इयत्ता, मोठ्यानं, हात सरळ, मान वर. मी ते असं घडाघडा म्हणायची की दिपोटींनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. झालं, तेव्हापासून बाबांना कौतुकच. येईल त्याच्यापुढे मला उभी करायचे. ‘विचारा हिला, विचारा’ म्हणायचे. मी म्हणून दाखवलं की स्वतःच सुपारी कातरत हसायचे.

या सगळ्या रागांच्या वर एक राग होता, तो लग्नाच्या कायद्यावर. मुलीला बारा पूर्ण झाली नसतील तर लग्नाआधी कोर्टाची परवानगी काढायची. नाही काढली तर दंड, आणि सरकारी नोकराची तर नोकरीच धोक्यात. त्या कायद्याच्या नकला बाबांनीच उतरवल्या होत्या, त्यामुळे कलमं तोंडपाठ. मला दहावं नुकतंच लागलं होतं. फौजेतल्या एका घराण्याकडून विचारणा आली. मुलगा चांगला, माणसं चांगली, पण त्यांचे आजोबा आजारी, म्हणून लग्न याच वैशाखात, नाहीतर नाही. आईनं सुचवलं की अर्ज करा, आजोबांचं कारण खरं आहे, परवानगी मिळेल. बाबा ताडकन उठले. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, आता स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी मी अर्ज लिहू? माझ्या पोरीचं लग्न कधी करायचं ते मी ठरवणार, कचेरी नाही. खिडकी उघडी होती आणि तरी ते ओरडले. आई घाबरून गेली.

मग मामानं तोड काढली. मामा देशावरचा, पण व्यापाराच्या निमित्तानं गुजरातेत फिरायचा. तो म्हणाला, मही नदी ओलांडली की इंग्रजी मुलूख. तिकडे बडोद्याचा कायदा चालत नाही. आणंदपासून तीन कोसांवर एका गावाबाहेर आंब्याची मोठी बाग आहे, तिथे मांडव घालू, लग्न लावू आणि नवरानवरीला घेऊन घरी येऊ. कितीतरी लोकांनी असंच केलंय.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे राज्याच्या हद्दी सरळ नव्हत्या. चार गावं इंग्रजांची, मध्ये दोन गायकवाडी, पुन्हा इंग्रजी, असं सगळं मिसळलेलं. पेटलाद बडोद्याचं, हे बाबांना ठाऊक होतं. कागदावर त्यांना अख्खं राज्य पाठ होतं. पण बडोदे सोडून ते कधी कुठे गेलेच नव्हते, आणि पेटलादची हद्द आणंदच्या इतकी जवळ येऊन टेकते, हे त्यांच्या पायांना माहीत नव्हतं. मामाला तर काहीच माहीत नव्हतं. नदी ओलांडली की इंग्रज, एवढंच त्याचं भूगोलाचं ज्ञान.

आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. स्टेशनावर आईनं मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच सांगितलं, कुणी वय विचारलं तर बारा सांग. मी मान हलवली. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत होते, ओळखीचा कुणी निघतो की काय म्हणून. पट्टेवाला दिसला की त्यांची मान दुसरीकडे. मला नव्या बांगड्यांचं कौतुक होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून त्या वाजू नयेत म्हणून मी हात घट्ट धरून उभी राहिले.

मग पूल आला. खाली महीचं रुंद पात्र, पाणी थोडं आणि वाळूच वाळू. पूल संपला आणि बाबा एकदम मोकळे झाले. मोठ्यानं हसले. मामाच्या पाठीवर थाप मारली. मला जवळ ओढून म्हणाले, आता कुणी काही विचारू दे, वाटेल ते सांग, आता आपल्याला विचारणारा कुणी उरला नाही. आईनं पहिल्यांदा डबा उघडला आणि सगळ्यांना दशम्या वाटल्या. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणंदला उतरून बैलगाड्या केल्या. बरोबर तूप, साखर, शालू, भांडी असं लग्नाचं सगळं सामान. थोडं पुढे गेल्यावर गाडीवान म्हणाला, "आगळ नाकुं छे." पुढे जकातीचं नाकं आहे. जकात म्हटल्यावर बाबांचे कान उभे. तुपावर जकात, साखरेवर जकात, कापडावर जकात! नाकं कुणाचं हे कुणीच विचारलं नाही. बाबांनी विचारलं ते एवढंच, की दुसरी वाट आहे का. गाडीवान म्हणाला, शेतातून आहे, पण खराब. बाबा म्हणाले, चालव. आम्ही धक्के खात, बाभळीचे काटे चुकवत शेतातून गेलो आणि जकात वाचली म्हणून बाबा वाटभर खूश. सरळ रस्त्यानं गेलो असतो तर नाक्यावरच्या शिपायाचा पट्टा दिसला असता, आणि बाबांनी तो डोळे मिटूनही ओळखला असता. बडोद्याचा होता तो.

बाग छान होती. विहीर होती, सावली होती. मुलाकडची मंडळी आधीच येऊन बसली होती. बाबांनी सनई-चौघडा आणवला होता. आईचं म्हणणं, कशाला आवाज, गुपचूप उरकू. पण बाबांना गुपचूप नको होतं. इथे कुणाच्या बापाची भीती, म्हणून त्यांनी चौघडेवाल्यांना आणखी जोरात वाजवायला सांगितलं. मला शालू नेसवला, मुंडावळ्या बांधल्या, पाटावर उभी केली. पुढे अंतरपाट. त्याच्या खालून मला मुलाची पावलं दिसत होती, एका बोटाला चिंधी बांधलेली. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

दुसरं कडवं चाललं असताना चौघडा थांबला. मला वाटलं, ताल चुकला. मग भटजीही थांबले. मांडवाच्या तोंडाशी एक गृहस्थ उभे होते, कोट, पगडी, हातात छडी, मागे दोन पट्टेवाले. तालुक्याचे वहिवाटदार, म्हणजे मामलेदारच, होते ते. विहिरींची पाहणी करायला दौऱ्यावर आले होते आणि बागेच्या पलीकडच्या टोकालाच त्यांचा तंबू पडला होता. आमच्याच चौघड्यानं त्यांना बोलावून आणलं.

बाबांनी पट्ट्यांकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहत होते. त्यांच्या तोंडावरचं सगळं रक्त उतरलं. वहिवाटदारांनी विचारलं, हे कोणाचं लग्न, कुठली मंडळी. बाबा पुढे झाले, कमरेत वाकले आणि सवयीनं नावाबरोबर हुजूर कचेरीही सांगून बसले. आमच्या घरात गर्जणारा तो माणूस असा वाकलेला मला सहन होईना. त्यांनी हळू आवाजात विचारलं, हा मुलूख साहेबांच्या अखत्यारीत कसा? वहिवाटदार म्हणाले, कसा म्हणजे? तुम्ही पेटलाद तालुक्यात उभे आहात. मामा खाली बघायला लागला.

मग मुलीचं वय विचारलं गेलं. बाबा म्हणाले, बारा पूर्ण. मी अंगानं थोराड, त्यात शालू. वहिवाटदार माझ्याकडे बघत राहिले. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. मला सगळं कळत होतं. बारा म्हणायचंय, बाबांची नोकरी त्यावर आहे, हे मला पक्कं माहीत होतं. वहिवाटदार दोन पावलं पुढे आले, छडी काखेत धरली आणि अगदी दिपोटींच्या आवाजात म्हणाले, "मुली, वय काय तुझं?"

माझे हात सरळ झाले. मान वर गेली. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि मोठ्यानं म्हटलं, "वय नऊ वर्षं पूर्ण, इयत्ता दुसरी!"

इयत्ता त्यांनी विचारलीही नव्हती.

अंतरपाटापलीकडे कुणीतरी, बहुतेक त्या मुलानंच, खुदकन हसून घेतलं. पुढचं फार पटकन झालं. भटजींनी अक्षतांचं ताट खाली ठेवलं आणि पोथी गुंडाळली, त्यांनाही दंड नको होता. मुलाचे वडील फौजेतले, त्यांची असामी, म्हणजे नेमणूक, सरकारच्या हातात. ते बाबांकडे पाठ फिरवून माणसं गोळा करायला लागले. वहिवाटदार वाईट माणूस नव्हता. लग्न लागलं नाही म्हणून खटला करत नाही, पण सरकारी नोकर आहात, वर कळवावं लागेल, असं म्हणाले आणि पान न घेता गेले. आईनं मुंडावळ्या सोडल्या. तिच्या बोटांना गाठ सुटत नव्हती.

परतताना बाबांनी गाडीवानाला रस्त्यानंच घ्यायला लावलं. नाक्यावर शिपायानं सामान तपासलं, बाबांनी सांगतील तेवढे पैसे काढून दिले. गाडीतही नाही, आगगाडीतही नाही, ते माझ्याशी बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी बांगड्या एकेक करून काढल्या आणि आईच्या पिशवीत टाकल्या.

बाबांना कामावरून घरी बसवलं. संध्याकाळी जेवणं व्हायची, ते सुपारी तोंडात टाकायचे, आई सवयीनं उठून खिडकी लावायची आणि घरात काही ऐकू यायचं नाही. आठवडा असा गेला. मी शाळेत जात नव्हते. जा असं कुणी म्हणत नव्हतं आणि मलाही त्या शाळेचं तोंड बघायचं नव्हतं. मेल्या शाळेनंच सगळं केलं, असं मला वाटायचं. मीच केलं, असंही वाटायचं, आणि मग गोधडीत तोंड खुपसून मी रडायची.

एका सकाळी बाबांनी पगडी घातली. आईला वाटलं, कचेरीतून बोलावणं आलं. त्यांनी माझी पाटी उचलली आणि मला म्हणाले, ऊठ. मी निघाले. अर्ध्या कापलेल्या ओट्यावरून उतरून आम्ही दोघं चालत शाळेत गेलो, ते पुढे, मी मागे. शाळेत पाऊल टाकायची त्यांची ती पहिलीच वेळ. बाईंनी हजेरीचं पान उघडलं आणि करड्या आवाजात विचारलं, इतके दिवस मुलगी का आली नाही? कारण सांगावं लागेल, नाहीतर दंड. सगळा वर्ग बघत होता. मला वाटलं, आता बाबा भडकणार, आता तोंड सुटणार.

बाबांचे हात सरळ होते. मान मात्र खाली.

"लग्न होतं हिचं, बाई. मोडलं. हिची काही चूक नाही."

बाईंनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. बाबांनी पाटी माझ्या हातात दिली आणि मी माझ्या जागेवर जाऊन बसले.